डाव्या नळीचा छर्रा

तात्या, काल तुमची दुनळी इंदापूरच्या ठाण्यात जमा करून आलो. मी आणि तुमचा पोरगा नवनाथ. तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोवर तुमच्यापायी मला पुन्हा पोलिसापुढं उभं राहावं लागलं. जिवंतपणी काय कमी हेलपाटे घालायला लावलेत?

परवाना ज्याच्या नावावर तो माणूस गेला, की बंदूक ठाण्यात द्यायची. मग घरच्यांनी ठरवायचं, परवाना आपल्या नावावर मागायचा की बंदूक कायमची सोडून द्यायची. हवालदारानं दुनळी मधून उघडली, दाराकडं धरून दोन्ही नळ्यांतून उजेड बघितला आणि म्हणाला, "लई निगुतीनं ठेवलीया की. ठेवनार का सोडनार?"

नवनाथ म्हणाला, "सोडनार सायेब. डावी नळी बाद हाय. छर्रा बाजूला फेकती. तात्या मरस्तवर तेच सांगत हुतं." आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "काका, सांगा की तुमी. पाय तुमचाच हुता."

मी म्हणालो, "सोमवारी सांगतो." तो माझ्याकडं बघतच राहिला. पायात छर्रा घेतलेल्या माणसाला विचार करायला सोमवारपर्यंत वेळ कशाला लागतो, हे त्याला कळेना. मला कळत होतं. एक गोष्ट मी पाच वर्षं तुमच्यापासून दडवली, आणि ती सांगितली नाही तर तुमची चांगली बंदूक बाद ठरून मोडीत जाणार होती. ती सांगतो. पण आधी मला तुमच्यावर मनसोक्त चिडू द्या, कारण तुम्हीही मला काही कमी छळलेलं नाही.

सुरुवातच घ्या. बंदूक घ्यायला तुम्ही मला पुण्याला का नेलंत? मी बारामतीत लेथवर काम करणारा माणूस, राहतो जळोचीत. अंथुर्ण्यात तुमच्या बांधाला माझं दोन एकराचं रान, एवढाच आपला संबंध. पण "तुला लोखंडातलं कळतं" म्हणून रविवारची सुट्टी तुम्ही घेतलीत. दुकानदारानं तीन बंदुका काढून ठेवल्या. तुम्ही त्यांची किंमत विचारली नाही, पाणी घेतलं नाही. एकेक बंदूक घ्यायची, डोळे मिटायचे, दस्ता खांद्याला लावायचा आणि मग डोळे उघडायचे. पुन्हा खाली. पुन्हा डोळे मिटायचे. दोन तास हेच. दुकानात आलेली माणसं थबकून बघत होती. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि तुम्ही शांतपणे सांगत होतात, "डोळं उघडल्यावर नळी आपल्याला बघायचं तितंच बघत असली, तर ती आपली. न्हायतर मानूस आयुष्यभर मान वाकडी करत बसतो."

तिसरी पटली. मग नळ्यांवरून वाद. उजवी नळी तोंडाशी सरळ होती आणि डावी तोंडाशी केसभर आवळलेली. त्या आवळण्याला चोक म्हणतात, हे दुकानदारानं सांगितलं. पाण्याच्या पाइपाचं तोंड बोटानं दाबलं की धार लांबवर एकसंध जाते आणि सोडलं की जवळच पसरते, तसंच छर्ऱ्यांचं. जवळच्या जनावराला उजवी, लांबच्याला डावी. एवढं साधं होतं. पण तुम्ही त्या दुकानदाराला विचारलंत, "आवळली किती, ते दाखवा." त्यानं माप घालून दाखवलं. मग तुम्ही माझ्याकडून तेच माप पुन्हा घालून घेतलंत. बिचाऱ्यानं शेवटी स्वतःचा डबा उघडून आपल्या दोघांना जेवायला घातलं, नाहीतर त्या दिवशी मी तुम्हाला तिथंच सोडून स्टँड गाठला असता.

परतीच्या एसटीत काडतुसांवरून भांडण. आठवतंय? मी म्हणत होतो, डुकराला मोठे छर्रेच पाहिजेत. तुम्ही म्हणालात, "मोठं घातलं तर एका काडतुसात नऊच बसत्यात. लांबनं मारलं तर नऊ छर्ऱ्यांच्या मधनं डुक्कर निघून जाईल, कुंपणातनं मेंढरू जातं तसं." मी म्हणालो, बारीक छर्ऱ्यांनी डुकराला गुदगुल्या होतील. पुढच्या बाकावरची बाई मागं वळून आपल्याकडं बघायला लागली, तेव्हा कुठं तुम्ही आवाज खाली घेतलात. पाटस येईपर्यंत तुमचं माझं बोलणं बंद होतं.

आणि मग धोतराचा खेळ. दोन बांबू रोवायचे, मधे तुमचं जुनं धोतर ताणून बांधायचं, खिळ्याला सुतळी बांधून कोळशानं दीड हात पसाऱ्याचा गोल काढायचा आणि चाळीस पावलांवरून बार काढायचा. मग जवळ जाऊन भोकं मोजायची. तुमचे वडील मेंढरं मोजायचे तशी, दोन-दोनच्या जोडीनं, बोट लावत. गोलात किती, गोलाबाहेर किती. चाळीस पावलांवर मोठ्या छर्ऱ्यांमधे अख्खं डुक्कर मावेल एवढी जागा रिकामी राहत होती. तुम्ही पस्तिसावर आलात, मग तिसावर. तिसावर डाव्या नळीचे नऊच्या नऊ गोलात बसले. म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांबद्दल माझं बरोबर निघालं आणि अंतराबद्दल तुमचं. हे तुम्ही कधी कबूल केलं नाहीत, पण त्या दिवशी वहिनींना म्हणालात, "अंक्याला चा टाक, साखर जादा."

खरं सांगतो, तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला होता. गावात शेतरक्षणाचे परवाने आणखी दोघांकडं होते. त्यांतल्या एकानंही कधी आपली बंदूक किती अंतरावर काय करते, हे बघितलं नव्हतं. तुम्ही बघितलंत. तीस पावलांच्या पुढं बार काढायचा नाही, खाली जमिनीकडंच काढायचा, आणि पलीकडचा माणूस कुठं उभा आहे हे ठाऊक असल्याशिवाय घोड्याला बोट लावायचं नाही. हा तुमचा कायदा.

तो कायदा तुम्ही त्या सकाळीही पाळलात.

त्र्याण्णवची गोष्ट. मका कणसाला आली होती आणि उसातून डुकरं येऊन रोज दोन-तीन सऱ्या लोळवून जात होती. वनखात्याचा कागद तुम्ही हातात घेतला होतात. ठरलं असं, की तांबडं फुटताना मी पश्चिमेच्या कोपऱ्यावर बांधावर उभं राहायचं आणि पत्र्याचा डबा वाजवायचा. डुकरं पाटाच्या चारीनं खाली पळणार. तुम्ही विहिरीजवळ बसणार आणि चारीत बार काढणार. तुम्ही मला तीनदा बजावलंत, "बांधावरनं हालायचं न्हाय. काय बी झालं तरी न्हाय. मी हाक मारल्याबिगर पाय उचलायचा न्हाय." मी म्हणालो, "मला काय शिकवताय? ल्हानपनी मी डुकराच्या मागं पळालोय." आठवडाभर चहाच्या टपरीवर मी हीच फुशारकी मारत होतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे ते असं. मी डबा वाजवला, डुकरं उठली, तुम्ही डाव्या नळीचा एक बार काढलात आणि माझी किंकाळी ऐकलीत. धावत आलात तर मी बांधावर पोटरी धरून बसलेलो. चारीपासून बारा-पंधरा हात बाजूला. तुम्ही बंदूक तिथंच खाली टाकलीत. तुमचं तोंड पांढरं पडलं होतं. "अरं, तू हितं आन् छर्रा हितं आला कसा?" एवढं एकच तुम्ही विचारत होतात. मी पोटरी आणखी घट्ट आवळली. तुम्हाला वाटलं, वेदनेनं बोलवत नसेल.

बारामतीच्या दवाखान्यात छर्रा काढला. पोलीस जबाब घ्यायला आला. कुठं उभा होतास? मी म्हणालो, बांधावर. तक्रार आहे? नाही. त्या जबाबापायी तुम्ही इंदापूरला वर्षभर खेटे घातलेत, परवाना जाता जाता राहिला. त्याबद्दल मला एक शब्द बोलला नाहीत. उलट तीन महिने माझ्या रानाला पाणी द्यायला दारं तुम्ही धरलंत. रोज दुपारी दवाखान्यात भाकरी घेऊन यायचात आणि खाटेच्या कडेला बसून माझ्या पायाच्या पट्टीकडं बघत राहायचात. मी म्हणायचो, "तात्या, इकडं माझ्या तोंडाकडं बघा की." तुम्ही बघायचा नाहीत.

मग तुमचं ते सुरू झालं. चारीचा काठ खुरप्यानं उकरून तुम्ही सहा छर्रे शोधलेत. एक माझ्या पोटरीतला. उरलेले दोन डुकरात, कारण मक्यात रक्त सांडलेलं तुम्हाला दिसलं होतं. त्या जखमी डुकराला तुम्ही दोन दिवस फाट्यापर्यंत हुडकत फिरलात, जनावर तडफडत मरायला नको म्हणून. डुक्कर सापडलं नाही. आणि एक छर्रा बारा हात बाजूला कसा गेला, या प्रश्नानं तुमची पुढची पाच वर्षं खाल्ली.

पाच वर्षं, तात्या! एखादा माणूस कंटाळला असता. तुम्ही नवीन काडतुसं आणायचीत, धोतर बांधायचंत, तीस पावलं दोरीनं मोजायचीत आणि बार काढायचात. नऊच्या नऊ गोलात. मग तुम्हाला वाटायचं, काडतूस ओलं झालं असेल, पावसाळ्यात कागदी काडतूस फुगतं. म्हणून काडतुसं गव्हाच्या कणगीत पुरून ठेवलीत. पुन्हा धोतर, पुन्हा नऊच्या नऊ. मग चोक झिजला असेल. मला जळोचीहून बोलावलंत, मी व्हर्निअर घेऊन आलो, नळीचं तोंड चारही बाजूंनी मोजलं. सगळं गोल, सगळं सारखं. तुम्ही म्हणालात, "तुजं यंतर खोटं बोलतंय." ज्या यंत्रावर कारखान्याचे लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, ते खोटं! मी तडक स्कूटरला किक मारली.

गावातली पोरंटोरं म्हणायची, तात्यानं आज किती धोतरं मारली? वहिनी वैतागून म्हणायच्या, "समद्या गावाचं डुकरं नुकसान करत्यात, आमच्या घरात ह्येच करत्यात." आणि खरी डुकरं? ती मजेत होती. दर साली मका खात होती, कारण तुम्ही डुकरांवर पुन्हा बार काढलाच नाहीत. हवेतसुद्धा नाही. "नळी भरवशाची न्हाय. पलीकडं कुनाचं लेकरू आसलं तर?" शेवटी उसाकडची दोन एकर तुम्ही डुकरांना सोडूनच दिलीत आणि मका घराजवळ एका पट्टीत आणलीत. मी कपाळाला हात लावायचो. चिडायचो, ओरडायचो. आता कळतं की मी ज्याच्यावर ओरडायला हवं होतं, त्याच्यावर ओरडत नव्हतो.

एकदा सांगायचं ठरवून आलो होतो. निमगाव केतकीच्या बाजारात तुम्ही भेटणार होतात. वाटेत मी वाक्यंसुद्धा जुळवली होती. चहा सांगितला, तोंड उघडणार, एवढ्यात तुमचे एक पाव्हणे येऊन बसले. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांना म्हणालात, "ह्यो अंकुश. डुकरं समोरनं आली, पायात छर्रा बसला, तरी गड्यानं जागा सोडली न्हाय. मी चुकलो, ह्यो न्हाय चुकला." पाव्हण्यांनी माझ्याकडं आदरानं बघितलं. मी बशीत चहा ओतला आणि पिऊन टाकला.

हेच ते, तात्या. तुम्ही मला शूर करून टाकलंत. पंचक्रोशीत सांगत सुटलात. दर वेळी तुम्ही ते सांगितलंत की माझ्या तोंडाला आणखी एक कुलूप बसायचं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझं कौतुक करायला? एकदा जरी शंका घेतली असतीत, "अंक्या, तू खरंच तितंच हुतास का?" एवढं विचारलं असतंत, तरी मी रडून सगळं ओकलो असतो. तुम्ही बंदुकीवर शंका घेतलीत, काडतुसावर घेतलीत, माझ्या व्हर्निअरवर घेतलीत, स्वतःच्या डोळ्यांवर घेतलीत. माझ्यावर कधी घेतली नाहीत.

आपली शेवटची भेट भांडणातच गेली. तुम्ही पुन्हा धोतर बांधत होतात. मी म्हणालो, "पुरं करा आता. मला काय झालंय का? चालतोय, फिरतोय. मी विसरलो, तुमी का धरून बसलाय?" तुम्ही सुतळीची गाठ मारता मारता म्हणालात, "तू सोसलंस, म्हनून तुला इसरता येतं. मी मारलंय." मी चहा न घेता निघून गेलो. वहिनींनी हाक मारली तरी थांबलो नाही. दहा दिवसांनी नवनाथचा फोन आला.

आता ऐका. मी बांधावर नव्हतो.

डबा वाजवला आणि उसातून डुकरं उठली. त्यांतलं एक मोठं माझ्याच दिशेनं आलं, किंवा मला तसं वाटलं. डबा टाकला आणि मक्यात घुसून तुमच्याकडं पळत सुटलो. लहान पोर बापाकडं पळतं तसा, तात्या, तुमच्याकडं. चारीच्या काठाला आलो आणि त्याच क्षणी तुमचा बार झाला. पोटरीत काहीतरी घुसलं. पडलो. आणि पडल्या पडल्या पहिला विचार काय आला असेल? पाय गेला, हा नाही. तुम्ही मला इथं बघाल, हा. खुरडत, मक्याची ताटं धरत मी परत बांधावर गेलो, डबा जवळ ओढला आणि मग ओरडलो. मक्यात रक्त होतं ते माझं; ते उरलेले दोन छर्रे चारीच्या मातीतच कुठंतरी राहिले असतील. ज्या जखमी डुकराला तुम्ही दोन दिवस हुडकलंत, ते डुक्कर तुमच्याच शेजारी दवाखान्यात भाकरी खात पडलं होतं.

काल ठाण्यातून परत आल्यावर वाटलं, नवनाथला एकट्यालाच सांगून मोकळं व्हावं. पण घरात गेलो तर वहिनी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि दोघांनाही सांगितलं. एका दमात, वर न बघता. नवनाथ उठून बाहेर गेला. मोटारसायकलला दोन लाथा घातल्याचा आवाज आला. वहिनींचे हात थांबले नाहीत. शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मका गेली त्याचं काय न्हाय, भावजी. पर तुमी दारात आला की ह्ये आदी तुमच्या पायाकडं बघायचं. मग तोंडाकडं. पाच वर्सं. मला वाटायचं, सवय आसंल."

मी म्हणालो, "वहिनी, चुकलो."

त्या म्हणाल्या, "मला कशापायी सांगताय? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा." आणि सूप उचलून आत गेल्या. चहा आला नाही. यायलाही नको होता.

नवनाथ सोमवारी अर्ज देणार आहे, परवाना त्याच्या नावावर करायला. माझ्याशी अजून बोलत नाही, पण अर्जात बंदुकीबद्दल काय लिहायचं हे त्यानं चिठ्ठीवर लिहून माझ्यापुढं सरकवलं. दोन्ही नळ्या चालू स्थितीत. त्याखाली मी सही केली. माझा जुना जबाब खोटा होता, हेही त्याच दिवशी ठाण्यात लिहून देणार आहे. काय करायचं ते करू देत.

आज सकाळी एकटाच रानात गेलो. मका नाही, नुसतं नांगरलेलं रान आहे. बांधाच्या कोपऱ्यावर उभा राहिलो आणि चारीच्या काठावर मी पडलो होतो तिथपर्यंत तिरपा चालत गेलो, तुमच्यासारखीच दोरी टाकून, पावलं मोजत. दोनदा मोजली, म्हणजे तुम्ही माझ्या मोजण्याला नावं ठेवणार नाही. तेवीस भरली, तात्या. मी बांध सोडून तेवीस पावलं पुढं आलो होतो. तुमचा एकही छर्रा बाजूला गेला नव्हता.